विषम संख्यांचा गुन्हा काय?

रविवार, सकाळ

चिरंजीव आणि आदरणीय मेहुणे,

तुला काय म्हणून हाक मारावी यातच माझा पाऊण तास गेला. नात्याने तू माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे मी आशीर्वाद द्यायला हवेत. पण या घडीला तू आमचा परीक्षक आहेस, म्हणजे नमस्कार करायला हवा. मी दोन्ही पाठवतो. तुझ्या पदाला शोभेल ते ठेव, उरलेलं परत कर. तुझी पाठ कशी आहे? ती कण्हणारी खुर्ची बदललीस का? तुझ्या बायकोचा खोकला थांबला का? इकडे सगळे ठीक. तुझी थोरली ताई (म्हणजे माझी बायको) बरी आहे, आणि धाकटी ताई (म्हणजे साडूंची बायको) वरच्या मजल्यावर त्याहून बरी आहे. मी मात्र बरा नाही. गेले सात आठवडे माझ्या पोटात जळतंय. डॉक्टर त्याला आम्लपित्त म्हणतात. मी वाचणारा माणूस आहे, मला त्याचं खरं नाव ठाऊक आहे. तो माझा साडू आहे. (फोनवर हे बोलता आलं असतं, पण फोनवर तू तिसऱ्या मिनिटाला ‘हं, हं’ सुरू करतोस. कागद ‘हं’ म्हणत नाही.)

आता पुढचं तुला माहीत आहे, पण परीक्षकाला माहीत असेलच असं नाही, म्हणून रीतसर सांगतो. मी या छापखान्यात अठ्ठावीस वर्षं प्रुफं तपासतो आणि बावीस वर्षं कामगार संघटनेचा चिटणीस आहे. साडू मागच्या दालनात पुस्तकं बांधतात. त्यांना इथे चिकटवलं कोणी? मी. मालकीणबाईंपुढे ‘हा माणूस बोलत नाही, पण हात चांगला आहे’ असं सांगितलं कोणी? मीच. आपल्याच पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा हे शिकायचं असेल तर माझ्याकडे शिकवणी लाव. तर मालकीणबाईंनी सूचना लावली की प्रुफांची खोली बंद होणार, तिथे कॉम्प्युटरची नवी खोली येणार, आणि जो माणूस प्रोग्रॅम लिहायला शिकेल त्याला तिचा प्रमुख करणार. मी दुपारी कॅंटीनच्या टेबलावर उभा राहून या सूचनेची लक्तरं केली. यंत्र, माणूस आणि भाकरी यांच्या नात्यावर मी पन्नास मिनिटं बोललो. टाळ्यांनी कपबशा हलल्या. चार वाजता सगळ्यांनी रांगेत उभं राहून शिकवणीसाठी नावं नोंदवली. मीही नोंदवलं, पण निषेध म्हणून लाल शाईने.

शिकवणी म्हणजे काय, तर एका संकेतस्थळावर तीस छोटे छोटे स्वाध्याय. प्रत्येकात एक बारीकसा प्रश्न, आपण त्याला एक बारीकसं फंक्शन लिहायचं, यंत्र ते तपासतं आणि बरोबर असेल तर हिरवी खूण देतं. सगळं ‘फंक्शनल’ पद्धतीने, म्हणजे प्रत्येक फंक्शनने एक वस्तू हातात घ्यायची, तिच्यावरून दुसरी बनवायची आणि पुढच्याच्या हातात द्यायची. नावं नोंदवलेल्यांपैकी प्रत्यक्षात आठ जण बसलो, महिन्यात सहा गळाले. उरलो आम्ही दोन साडू. म्हणून मालकीणबाईंनी शेवटचा स्वाध्याय घालायला तुला, प्रोग्रॅम लिहूनच पोट भरणाऱ्याला, सांगितलं. मी म्हटलं, बाई, तो आमच्या घरातला आहे. त्या म्हणाल्या, ‘म्हणूनच. दोघेही त्याच्या बहिणींचे नवरे. कुणा एकाची बाजू घेतली तर एक बहीण त्याला घरात घेणार नाही.’ तुझ्या निःपक्षपातीपणाचा पाया हा असा आहे, हे लक्षात असू दे. जो जिंकेल तो नव्या खोलीत, जो हरेल तो मागच्या कागदाच्या गोदामात. गोदामात खिडकी नाही, सभा नाही, प्रुफं नाहीत. अठ्ठावीस वर्षांनी माझी जागा कागदाच्या रिमांमागे.

सुरुवात माझीच होती. पहिल्या धड्यात वाचलं की या पद्धतीत एखाद्या नावाला एकदा किंमत दिली की ती पुन्हा बदलत नाही. अरे, माझे डोळे भरून आले! आयुष्यभर मी दुसरं काय सांगत आलो? शब्द दिला की दिला! मी त्याच दिवशी जिन्यात उभा राहून यावर बोललो. मग आला सातवा स्वाध्याय, यादीतल्या संख्यांची बेरीज करा. आता बेरीज ही वाढतच जाणार, आणि नावाची किंमत तर बदलायची नाही. दुसरा कोणी असता तर डळमळला असता. मी तत्त्वाला चिकटून राहिलो. मी ‘बेरीजएक’ लिहिलं, मग ‘बेरीजदोन’, मग ‘बेरीजतीन’, आणि असं करत दोन दिवसांत ‘बेरीजशंभर’पर्यंत पोचलो. प्रत्येकाला एकदाच किंमत, कुणाचाही शब्द मोडला नाही. यंत्राने शंभर संख्यांची यादी दिली, हिरवी खूण! मग त्याने एकशे एक संख्यांची दिली. शंभरावर एक! हा खोडसाळपणा नाही तर काय?

शेजारच्या खुर्चीवर साडू हात पुसत बसले होते. त्यांचा सातवा स्वाध्याय तीन ओळींत संपला होता. मी भिंतीला उद्देशून विचारलं (साडूला विचारणं माझ्या तत्त्वात बसत नाही) की तीन ओळींत शंभर संख्या मावतातच कशा. भिंत काही बोलली नाही. साडू बोलले, ‘दादा, मी पुस्तक शिवताना फर्मे मोजत नाही. एक उचलतो, शिवतो. उरलेल्यांचं तेच. हाताला काही लागलं नाही की पुस्तक झालं.’ (फर्मा म्हणजे घडी घातलेली सोळा पानं, तुझ्या माहितीसाठी.) पहिली संख्या अधिक उरलेल्या यादीची बेरीज. बास. मी इतिहास वाचला, अर्थशास्त्र वाचलं, शब्दकोश पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा वाचला, आणि या माणसाने आयुष्यात पुस्तकाचा फक्त मणका पाहिलाय! आतलं एक पान वाचलेलं नाही! (रागात आता एकवचन येणार, आधीच माफी माग… म्हणजे मी मागतो.)

अकराव्या स्वाध्यायात तर माझ्या विवेकाचाच प्रश्न आला. यादीतल्या विषम संख्या गाळा आणि सम तेवढ्या ठेवा. का? विषम संख्यांचा गुन्हा काय? त्या कधी कामावर उशिरा आल्या? बावीस वर्षं मी कामगार-कपातीविरुद्ध लढलो, आणि आता माझ्याच हाताने यादीतून नावं गाळू? मी तो स्वाध्याय लिहायला नकार दिला आणि त्या जागी निवेदन लिहिलं. या भाषेत ओळीच्या सुरुवातीला दोन रेघा मारल्या की ती ओळ यंत्र वाचत नाही, माणसांसाठी राहते. अशा बेचाळीस ओळी लिहिल्या, ‘बंधूंनो’पासून. तीन दिवस मी बाणेदारपणे अकराव्यावर अडून राहिलो. चौथ्या दिवशी साडू जाता जाता म्हणाला, ‘दादा, मूळ यादी तशीच राहते. विषम आहेत तिथेच आहेत. ही नुसती दुसरी यादी.’ म्हणजे तीन दिवस मी ज्यांच्यासाठी लढत होतो त्यांच्या नोकरीला धक्काच नव्हता. लढा जिंकला म्हणायचा की काय म्हणायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढे नियम आला की फंक्शनने फक्त उत्तर परत द्यावं. मध्ये पडद्यावर काही छापायचं नाही, इकडेतिकडे काही बदलायचं नाही, कुणाला कळूही द्यायचं नाही. तू मला सांग, बोलून काही घडूच द्यायचं नसेल तर माणसाने बोलावं कशाला? माझ्या एका भाषणानंतर कॅंटीनचा दर उतरला, दुसऱ्यानंतर कॅंटीनच तीन दिवस बंद पडलं. माझी सगळी फंक्शनं उत्तराआधी दोन शब्द बोलत, आणि यंत्र त्यांना उभंच करून घेईना. साडूची फंक्शनं त्याच्यासारखीच. घुमी! विचारलं तेवढं सांगतात आणि मान खाली. ही पद्धत काढणारा माणूस साडूचा कोणीतरी लागत असणार, असं माझं मत झालंय.

आणि यादी उलटी करायचा तो एकोणिसावा! माझं फंक्शन स्वतःला बोलावी, ते पुन्हा स्वतःला, ते पुन्हा स्वतःला. यंत्राचा पंखा असा घोंगावला की खालच्या मजल्यावरून छपाईयंत्राचा ऑपरेटर धावत आला. साडूने माझ्या पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘दादा, यात समारोप नाही. आधी समारोप लिहा, मग भाषण.’ रिकामी यादी हातात आली तर थांबायचं, ही ओळ पहिली हवी म्हणे. ऑपरेटर हसला. म्हणाला, ‘तुमच्या सगळ्याच भाषणांत ही ओळ राहते, चिटणीस.’ बावीस वर्षांत एवढा पाणउतारा मालकांनीही केला नव्हता.

घरी तरी शांतता असावी? साडूच्या तीस खुणा पुऱ्या झाल्या त्या संध्याकाळी तुझ्या दोघी बहिणी जिन्यात भेटल्या. धाकटी म्हणाली, ‘यांचं झालं गं, आता झोपलेत.’ झोपलेत! मी एकोणिसाव्यावर तळमळतोय आणि हा साडेआठला घोरतोय, तेही माझ्या डोक्यावरच्या खोलीत, तालात! थोरली घरात येऊन मला म्हणते, ‘अहो, त्यांना विचारा की जरा.’ मी म्हटलं, विचारीन, माझी तिरडी उचलतील तेव्हा. ती म्हणाली, ‘तेव्हाही तुम्हीच बोलाल.’ मी तुला सांगतो, त्याचं सगळंच मला खुपायला लागलंय. त्याचा डबा खुपतो. त्याच्या बोटांना लागलेली खळ खुपते, कारण ती वाळते आणि आपोआप गळून पडते. माझ्या बोटांची शाई जन्मात गेली नाही. परवा त्याच्या सायकलची साखळी पडली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी खिडकीत जाऊन उभा राहिलो, आणि त्याने ती दोन हातांत बसवली तेव्हा जेवण गेलं नाही.

पण आता ऐक. काल शनिवारी तुझा शेवटचा स्वाध्याय. निरनिराळ्या पुस्तकांची विस्कटलेली पानं दिली आहेत, ज्या त्या पुस्तकाची पानं वेगळी करून क्रमाने लावा, मुदत बारा वाजेपर्यंत. मी सकाळी आठपासून लिहीत होतो. तीनशे बारा ओळी झाल्या, त्यात पानांच्या विस्कटण्यामागची सामाजिक कारणंही आली. पावणेबाराला यंत्रावर लाल फुल्यांची रांग लागली आणि पंखा पुन्हा घोंगावू लागला. मी उठलो, बेसिनवर गेलो, तोंडावर पाणी मारलं, आरशातल्या माणसाला चार शब्द सुनावले. बाराला पाच कमी असताना परत येऊन पाहतो तर माझ्या नावापुढे हिरव्या खुणा! सगळ्या! कधी कधी यंत्रालाही विचार पटायला वेळ लागतो, दुसरं काय? आणि साडूच्या नावापुढे लाल फुल्या! मी तडक कॅंटीन गाठलं, टेबलावर चढलो आणि चाळीस मिनिटं बोललो. विषय होता ‘चिकाटी’. साडू पुढच्या रांगेत होता. सतरा वर्षं माझ्या सभेत डोळे मिटून बसणारा तो माणूस काल उभा राहून टाळ्या वाजवत होता. पराभव पदरात पडला की माणसाला वक्तृत्व कळायला लागतं.

तेव्हा परीक्षक महाराज, पक्षपात मुळीच करू नका. फक्त सत्य पाहा. मालकीणबाई सांगत होत्या की तू नुसत्या खुणा मोजणार नाहीस, लिहिणंही वाचणार आहेस आणि निकाल पुढच्या सोमवारी देणार आहेस. जरूर वाच. साडूबद्दल मला दयाच आहे. गोदाम त्याला मानवेल, तिथे बोलावं लागत नाही. पोटातली जळजळही कालपासून निवळायला लागली आहे. तुझ्या बायकोला आशीर्वाद, पाठीला शेक दे.

तुझा विजयी,
थोरला भावोजी

ता.क. (रविवार, संध्याकाळ): पत्र पाकिटात मावत नाही. मोठं पाकीट उद्या मिळेल. धाकट्या ताईला यातलं काही कळवू नकोस. तिने आज वरून गरम भजी… नव्हे, गरम काहीतरी पाठवलं होतं, मी चौकशी न करता खाल्लं.

ता.क. दोन (सोमवार, दुपार): आज पाकीट आणण्याआधी माझा विजय एकदा डोळे भरून पाहावा म्हणून माझं पान उघडलं. त्यावर अकरा ओळी आहेत. अकरा! एकही ‘बंधूंनो’ नाही. मग मी साडूचं पान उघडलं. तिथे तीनशे बारा ओळी, लाल फुल्यांसकट, आणि दोन रेघांमागे सामाजिक कारणं. त्या मुक्याच्या नावावर माझं अख्खं भाषण! मी बेसिनवर असताना तो माझ्या खुर्चीत बसला, आपलं उत्तर माझ्या नावावर चढवलं आणि माझं स्वतःच्या नावावर घेतलं. मी चाळीस मिनिटं चिकाटीवर बोललो ते त्याच्या अकरा ओळींच्या जोरावर, आणि तो टाळ्या वाजवत होता! अरे, हुशारीत पुढे गेला ते मी गिळलं. झोपेत पुढे गेला तेही गिळलं. आता मोठेपणातही हाच पुढे? त्याग करायचा तर तो मी करायचा, त्यासाठी टेबल लागतं, श्रोते लागतात, हा गुपचूप कसा करतो? ऊठसूट उपकार करणाऱ्या माणसासारखा शेजारी शत्रूलाही मिळू नये. तेव्हा परीक्षक म्हणून नोंद कर की अकरा ओळी त्याच्या आहेत आणि तीनशे बारा माझ्या. नवी खोली त्याची. मी गोदामात जाईन, ताठ मानेने. चिटणीस दुसऱ्याच्या हिरव्या खुणांवर जगत नसतो. (हे वाक्य मी आधी आरशासमोर म्हणून पाहिलं. चांगलं आहे.)

ता.क. तीन (मंगळवार): जाब विचारायला मागच्या दालनात गेलो. तो पुस्तकाच्या पाठीला खळ लावत होता. मी म्हटलं, माझ्यावर दया करायला तुला सांगितलं कुणी? तो म्हणाला, ‘दया कसली, दादा. नव्या खोलीत दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलावं लागणार. मला नाही जमत. गोदाम बरं. शांत असतं.’ मी म्हटलं, गोदामात शांत असतं हे तुला काय माहीत? त्यावर त्याने ब्रश खाली ठेवला आणि म्हणाला, ‘तुम्ही नव्या खोलीत असाल ना.’

मी याचे सगळे अर्थ लावून पाहिले. चांगला एकही निघत नाही. थोरलीला सांगितलं, तर ती पदर तोंडाला लावून आत निघून गेली ती अजून आतच आहे. म्हणजे त्याला हवं होतं ते गोदाम! सात आठवडे मी त्याच्या डोक्यावर पाय देऊन ज्या खोलीकडे धावत होतो ती त्याला नकोच होती, आणि तो सुखाने तिथे जाऊन पडणार, माझ्याशिवाय! हे मी होऊ देणार नाही. म्हणून मी काल केलेली विनंती आज जास्त जोराने करतो, कारणं मात्र बदलली आहेत. मी जेवणाच्या सुट्टीत गोदाम पाहून आलो. साठ फूट लांब, छत उंच, आणि आवाज असा घुमतो की आपलं वाक्य आपल्यालाच पुन्हा पटतं. तिथे चार हमाल आहेत, दुपारचं जेवण तिथेच करतात आणि दार एकच आहे. अशी जागा हा माणूस झोपेत घालवणार? त्याला नव्या खोलीत पाठव. गिऱ्हाइकांशी बोलू दे दिवसभर. मला गोदाम हवं.

ता.क. चार (बुधवार, पाकीट चिकटवता चिकटवता): तीनशे बारा ओळींना किती गुण दिलेस? सहज विचारतो. अकरा ओळींपेक्षा अर्धा जरी जास्त असेल, तर वरचं सगळं रद्द समज, आणि मालकीणबाईंना आजच फोन करून सांग की त्या ओळी साडूच्या नाहीत, माझ्या आहेत.